जत्रेत वाजला तर तुझा

गेल्या दिवाळीत अंथुर्ण्याच्या शाळेच्या मैदानावर मी सगळ्या गावासमोर उभी राहून संध्याकाळभर बेस गिटार वाजवली आणि त्यातला एक सूरही कुणाच्या कानावर पडला नाही. हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, आणि तेही सासूबाईंकडून.

सासूबाईंचं नाव छबूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. त्या सकाळी भावकीतल्या बायका ओट्यावर बसून माझं कौतुक करत होत्या. फोटो काय झ्याक आलाय, काठापदराच्या साडीवर गिटार कशी उठून दिसती, असं चाललं होतं आणि मी फुगले होते. आत्या चुलीपाशी भाकरी थापत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "समदं खरं. पर स्वप्नाली, तू वाजवत काय व्हतीस?"

"म्हणजे?"

"लखनचं ढोल ऐकलं. मोनाचं गाणं ऐकलं, तिची ती करंटवरची पेटी ऐकली. तुझं काय बी ऐकू आलं न्हाय."

मी त्यांना समजावलं की बेस गिटारला चारच तारा असतात, आवाज जाड असतो, खालचा असतो. तो कानाला कमी आणि छातीला जास्त लागतो.

"मग छातीला बी न्हाय लागला," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी उलटली.

मला असा राग आला! ऐकवतेच यांना म्हणून मोबाईलवरचं रेकॉर्डिंग लावलं. आणि ऐकते तर काय, आत्याच खऱ्या. पडद्यावर माझी बोटं पळताहेत, मी मान हलवतेय, मधूनच डोळे मिटतेय आणि आवाज शून्य. स्टेजवर ड्रमच्या दणक्यात स्वतःचं ऐकू येतच नव्हतं, समोर जात असेल असं मी धरून चालले होते. पंगतीत रिकामं ताट पुढ्यात घेऊन जेवल्याचं सोंग करावं तशी मी दिसत होते. बायका अजून फोटोच बघत होत्या. मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि रडले. खोटं कशाला सांगू.

आवाजाचा बोर्ड त्या दिवशी म्हस्कूच्या हातात होता. म्हस्कू माझा चुलत दीर. आमच्या भागात लग्न असो, वाढदिवस असो, मिरवणूक असो, डीजे त्याचा, मांडव त्याचा आणि जनरेटरही त्याचाच. माणूस वाईट नाही. हसतमुख आहे, अडीनडीला धावतो. पण डोक्यात एकच हवा भरलेली, की या मुलखात आवाज काढायचा तो त्यानेच. मी गेले तेव्हा तो दारात स्पीकरच्या भिंतीवरची धूळ पुसत होता.

"भाऊजी, काल माझी गिटार ऐकू का आली नाही?"

"बंद ठिवली व्हती," तो म्हणाला. लपवाछपवी काही नाही. "ते घुं घुं करतंय वहिनी. लोकास्नी वाटतंय म्हस्कूचा सेट फाटला."

"अहो, पण संध्याकाळभर?"

"तुमी स्टेजवर दिसला की! फोटू लई भारी आल्यात. आवाज कशापायी पायजे?"

एवढं बोलून तो हसला. त्याच्या हसण्यात कपट नव्हतं आणि त्याचाच मला जास्त संताप आला. दुष्टाव्याने केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथं समोरच्याला वाटतच नव्हतं की आपण काही हिसकावून घेतलंय. मी परत फिरले आणि वाटेतच ठरवलं, की आता स्वतःचा अॅम्प घ्यायचा.

हे जरा सांगायला हवं. बेस गिटार नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतही जात नाही. तिला अॅम्प लागतो, म्हणजे आवाज मोठा करणारा, पोटात स्पीकर असलेला डबा. माझ्याकडे होता तो सरावाचा, उशीएवढा. तो खोलीपुरता ठीक. मैदानात वाजवायचं तर तार साउंडवाल्याच्या बोर्डात द्यावी लागते आणि मग बटण त्याच्या हातात. मोठा अॅम्प असला की तो आपल्या पाठीशी उभा असतो, बटण आपल्या हाताखाली, आणि कुणाच्या बापाला विचारावं लागत नाही.

आम्ही तिघं. लखनचं बारामतीत ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, तो ड्रम वाजवतो. मोनाचं पार्लर आहे, ती गाते आणि कीबोर्ड वाजवते. मी सूरजबरोबर, म्हणजे नवऱ्याबरोबर, अंथुर्ण्यात भाजीच्या रोपांची नर्सरी बघते. मिरची, टोमॅटो, ढोबळी. बेस मी कृषी महाविद्यालयाच्या होस्टेलवर मैत्रिणीची घेऊन शिकले. दर रविवारी काटेवाडीला लखनच्या रिकाम्या गोदामात आम्ही जमतो. हौसेला मोल नाही म्हणतात. आमच्या हौसेला मोबदलाही नाही, पण तो रविवार नसता तर बाकीचे सहा दिवस मी सगळ्यांवर खेकसत फिरले असते. सूरज म्हणतो, तशीही खेकसतेसच.

आमच्यासारख्या हौशी लोकांचा बारामती-इंदापूरचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, वाद्यं आणि सामान विकायचा-घ्यायचा. त्याच्यासारखी करमणूक नाही. तिथं विकायला आलेली प्रत्येक वस्तू 'एकदाच वापरलेली' असते. तडा गेलेली झांज 'आवाजाला जिवंत' असते. एकाने ऑक्टापॅड विकला, आठवड्याने त्यालाच करमेना म्हणून परत मागितला, मग ज्याने घेतला होता त्याने तोच ऑक्टापॅड 'एकदाच वापरलेला' म्हणून त्याला चढ्या भावात विकला. आणि विकण्याचं कारण बहुतेकांचं ठरलेलं: घरी बायको ओरडते. नवरा ओरडतो म्हणून कुणी विकल्याचं मी वाचलेलं नाही, कारण त्या ग्रुपमध्ये मी आणि मोना सोडून बाई नाही.

माघ महिन्यात त्या ग्रुपवर एक फोटो आला. गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांपाशी, बैलाची जुनी झूल पांघरलेला एक काळा डबा. झुलीचा एक कोपरा वर केलेला आणि आतून गोल जाळी दिसत होती. खाली लिहिलं होतं, 'बेस अॅम्प. मोठा. चालू. भाव समोर बसून. रावजी, इंदापूर.' मी त्याच क्षणी फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सूरजने पिकअप काढली आणि आम्ही इंदापूरला गेलो. रावजीआबा सत्तरीकडे झुकलेले, पांढरी टोपी, मिशा मात्र अजून काळ्या. एके काळी त्यांचा ऑर्केस्ट्रा होता आणि बेस ते स्वतः वाजवायचे. त्यांच्या वडिलांचा धंदा बैलांच्या दलालीचा, आणि ऑर्केस्ट्रा बंद पडल्यावर आबाही त्याच धंद्यात परतले होते. पाणी दिलं, चहा दिला आणि सूरजला विचारलं, "किती वर्सं वाजवताय?"

"मी फक्त गाडी चालवतो," सूरज म्हणाला. "वाजवणार ही."

आबांनी माझ्याकडे नीट बघितलं. वरपासून खालपर्यंत, बाजारात बघतात तसं. मला वाटलं आता काहीतरी बोलणार आणि मी उत्तर तयार ठेवलं. पण ते नुसते उठले, झूल काढली आणि म्हणाले, "लाव मग."

मी गिटारची तार लावली, बटण फिरवलं आणि सगळ्यात जाड तार छेडली. देवाशपथ सांगते, माझ्या वाजवण्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पायाखालच्या फरशीतून तो वर आला आणि पोटात शिरला. गोठ्यातल्या गाईने रवंथ थांबवून मान वर केली. मी वाजवत सुटले, थांबायचंच विसरले. हा डबा मला हवाच होता, भाव काहीही असो.

"बोट चांगलं हाय तुझं," आबा म्हणाले. "पर आदी सांगतो. तुमच्याच गावच्या म्हस्कूचा फोन आला व्हता सकाळी. त्यो तुझ्यापरीस जास्ती द्यायला तयार हाय."

"म्हस्कू? त्याला कशाला हवाय?"

"त्याला अॅम्प नगं. आतला स्पीकर काढून डीजेच्या भिंतीत बशिवनार म्हनला."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. माझा आवाज ज्याने बंद ठेवला तोच आता माझ्या आवाजाचं काळीज काढून स्वतःच्या भिंतीत बसवणार! मी म्हणाले, आबा, बोला काय घ्यायचं ते. मग त्यांनी भाव सांगितला, मी पाडला, त्यांनी चढवला, सूरज मध्ये खोकला, आणि शेवटी जमलं. तो आकडा मी इथं सांगणार नाही. मोनालासुद्धा सांगितलेला नाही.

मी पैसे काढायला लागले तर आबांनी हात वर केला.

"आत्ता न्हाय. आमच्यात बैल औताला जुपून बगितल्याबिगर सौदा व्हत न्हाय. न्ह्यायचा, रानात चालवायचा. चालला तर पैसे द्यायचे, न्हाय चालला तर ज्याचा बैल त्याच्या दावनीला. चैतात तुमच्या गावची जत्रा हाय. मी येतो. जत्रेत वाजला तर तुझा. न्हाय वाजला तर दुसऱ्या दिशी मागारी आनून द्यायचा आन म्हस्कू न्हील."

"आणि म्हस्कूला अशी अट नाही घातली ती?"

"म्हस्कू त्यो फोडनार हाय पोरी. खाटकाला औत जुपून दाव, आसं कोन म्हनतं व्हय?"

"मग खाटकाला विकताच कशाला?"

हे जरा जास्तच झालं. सूरजने डोळे वटारले. आबा मात्र रागावले नाहीत. झुलीची घडी घालत म्हणाले, "दावनीला नुसतं हुबं ऱ्हायलेलं जनावर बगवत न्हाय मला. कामाला लागू दे, न्हायतर डोळ्याआड व्हऊ दे. कुनीतरी वाजवनारं यावं म्हनून तर फोटू टाकला."

मग त्यांनी माझ्यासमोरच म्हस्कूला फोन लावला आणि सौदा जसाच्या तसा सांगितला. व्यापारात लपवाछपवी नको, हा त्यांचा नियम. म्हस्कू पलीकडून मोठ्याने हसला आणि म्हणाला, "चालतंय की आबा! जत्रंचा साउंड माझाच हाय."

त्या वाक्याचा अर्थ मला तिथंच कळायला हवा होता. पण मी आनंदात होते. आनंदात माणसाचं अर्धं डोकं बंद असतं.

पुढचे रविवार आम्ही झपाटल्यासारखे वाजवत होतो. लखन म्हणाला, स्वप्नालीताई, तुझ्यामुळं मला आता नीट वाजवावं लागतंय, आधी कुठं चुकतो ते कळत नव्हतं. आत्यांची लहानपणापासूनची एक ओवी आहे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे तेव्हाची, वाटेवर म्हणायची. ती आम्ही बसवली. चाल आत्यांची, तोंड मोनाचं, पाय लखनचा आणि पाठ माझी. तारा मी बदलल्या, वायरी बघितल्या, जास्तीची वायर घेतली, गिटारचा पट्टा नवा घेतला. फक्त एक गोष्ट आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. बैल स्वतःच्या पोटावर चालतो. अॅम्प वीज मागतो, आणि जत्रेतल्या स्टेजवरची वीज म्हस्कूची.

जत्रेच्या दिवशी कुस्त्या आटोपल्या, ऊन कलतं झालं आणि देवळासमोरच्या पटांगणात लोक खुर्च्या धरायला लागले. भंडाऱ्याने सगळ्यांची कपाळं पिवळी. रावजीआबा इंदापूरहून येऊन पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर हात ठेवून, परीक्षा घ्यायला आल्यासारखे. स्टेजच्या दोन्ही बाजूंना म्हस्कूच्या स्पीकरची भिंत होती. आमचा अॅम्प मधोमध, माझ्या मागे. म्हस्कूने स्वतः त्याची पिन जनरेटरच्या बोर्डात लावली आणि मला म्हणाला, "बेस्ट लक वहिनी."

मोनाने ओवीचं पहिलं कडवं उचललं. मी खाली सूर धरला. समोरच्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या, आवाज कुठून येतोय ते बघायला. मला आत्या दिसल्या, बायकांच्या घोळक्यात उभ्या. त्यांनी पदर खोचला आणि छातीवर हात ठेवला. पोचला, मी मनात म्हणाले, छातीला पोचला. आणि त्याच वेळी अॅम्पचा लाल दिवा विझला.

मी बटण दाबलं. वायर बघितली. मग म्हस्कूकडे बघितलं तर पिन त्याच्या हातात.

"लोड येतोय वहिनी," तो म्हणाला. "जनरेटर बसंल." आणि लगेच स्वतःचा माईक घेऊन गावाला सांगितलं, "मंडळी, काळजी नसावी. गिटारीला जरा अडचन आल्याली हाय, पर बाकीचा कारेक्रम चालू ऱ्हाईल!"

"लोड कसला? तुझ्या भिंतीतला एक स्पीकर बंद कर की," सूरज खालून ओरडला.

"भाऊ, उद्या जत्रा अंधारात गेली तर कमिटीला तू उत्तर देनार का?"

कमिटीचे अप्पा स्टेजजवळच होते. सगळ्यांचे मोठे, सगळ्यांचं ऐकणारे आणि कुणाचंही न ऐकणारे. ते म्हणाले, "सूनबाई, न्हाय तर न्हाय. फुडल्या वर्सी वाजीव. देवाच्या दारी वाद नगं."

म्हस्कू माझ्याजवळ आला आणि हळूच, अगदी मायेने म्हणाला, "कशापायी जीव जाळताय? अॅम्प माझ्याकडंच येनार हाय. घरातली वस्तू घरातच ऱ्हाती."

लखनने काठ्या मांडीवर ठेवल्या होत्या. मोना माझ्याकडे बघत होती. पहिल्या रांगेत रावजीआबा हललेही नव्हते. त्यांचा चेहरा सांगत होता की ते मध्ये पडणार नाहीत. बैल चालत नसला तर विकणारा कशाला ढकलेल? मला माहीत होतं, आता मी 'बरं' म्हणाले की सगळे खूश होतील. अप्पा खूश, म्हस्कू खूश, भावकी खूश. सून समजूतदार आहे म्हणतील आणि परत छान फोटो निघेल. मला त्या फोटोची किळस आली.

"नाही," मी म्हणाले. माईक मोनाच्या हातात होता, चालू होता, त्यामुळे ते सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं. "पुढच्या वर्षी नाही. आज. आणि तुमच्या विजेवर नाही."

बोलून गेले खरी, पण वीज आणायची कुठून? मी समोर बघितलं. पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या कडेला, भागूबाईची रसवंती आहे, बारमाही. पत्र्याची शेड, विजेवरचा चरक, स्वतःचा मीटर. जत्रेच्या दिवशी तिथं मुंगीला शिरायला जागा नसते. मी गिटार पाठीवर टाकली आणि अॅम्पच्या एका कडीला हात घातला. तो डबा एकट्या माणसाने उचलायचा नाहीच. मी ओढत स्टेजच्या पायरीपर्यंत आणला आणि तिथं अडले.

"धर नीट," आवाज आला. दुसऱ्या कडीला आत्यांचा हात होता. "मेंढरू काय, हे काय. गुडघ्यात वाक, कंबरंत न्हाय."

आम्ही सासू-सुना तो डबा घेऊन भर पटांगणातून निघालो. सूरज पुढे होऊन गर्दी बाजूला करत होता, "सरका, सरका, लागंल." कुणी हसलं. कुणी मोबाईल काढला. अप्पांनी "अहो छबूबाई!" अशी हाक मारली. आत्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

आम्हाला येताना बघून भागूबाई गल्ल्यावरूनच ओरडली, "हितं आन! हितं, खांबाजवळ!" आणि तिने चरकाची पिन खस्सकन उपटली. गिऱ्हाईक रिकामे ग्लास धरून उभं. एक जण म्हणाला, "मावशे, रस?"

"थांब जरा, मरत न्हाईस," भागूबाई म्हणाली. "मगाधरनं बगतीय मी त्या म्हस्क्याचं."

तिला माझ्या गिटारशी काही देणंघेणं नव्हतं. पण दिवसभर म्हस्कूच्या भिंतीने तिचे कान फोडले होते, आणि त्याच्यापुढे तिचं कुणी ऐकलं नव्हतं. माझी पिन तिने स्वतःच्या हाताने लावली. लाल दिवा लागला.

लखन मागून एक ढोल आणि एक ताशासारखा छोटा ड्रम काखेत मारून धावत आला. मोना आली ती रिकाम्या हाताने. कीबोर्डची पिन लावायला तिथं दुसरी जागा नव्हती आणि माईक म्हस्कूचा होता.

"माइकशिवाय कशी गाऊ गं?" ती म्हणाली.

"तुझ्या आईला हाक मारतेस तशी."

इकडे आम्ही सुरू करतोय तोच तिकडे म्हस्कूने डीजेवर गाणं लावलं. सगळी भिंत दणाणली. आता आमचं काय ऐकू येणार? मी आत्यांकडे बघितलं तर त्या जागेवर नव्हत्या. त्या पदर खोचून पुन्हा पटांगण ओलांडत होत्या. स्टेजवर काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की आत्यांचं एक बोट म्हस्कूच्या नाकासमोर आहे आणि तो मान खाली घालून उभा आहे. लहानपणी त्याची आई आजारी असताना त्याला आत्यांनीच वाढवलंय. सगळ्या पंचक्रोशीत आवाज काढणारा म्हस्कू चुलतीपुढे गप्प असतो. गाणं मध्येच बंद पडलं.

पटांगण इतकं शांत झालं की पाळण्याची करकर ऐकू यायला लागली. मी सगळ्यात जाड तार छेडली.

आधी पत्रा थरथरला. मग भागूबाईच्या चरकाला बांधलेली घुंगरं, चरक बंद असताना, आपली आपण छुमछुमायला लागली. लखनने त्या घुंगरांनाच धरून ठेका दिला. मोनाने डोळे मिटून ओवी उचलली, मोकळ्या गळ्याने, माइकशिवाय, आणि तिच्याखाली मी होते. जिथं जिथं तिचा श्वास तुटत होता तिथं मी तिला धरत होते. आज कीबोर्ड नव्हता, भिंत नव्हती, लपायला काही नव्हतं. मी नसते तर गाणंच उभं राहिलं नसतं, आणि हे आता रस प्यायला आलेल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

म्हस्कू माईकवरून सांगत होता, "मंडळी, कारेक्रम हिकडं हाय! स्टेज हिकडं हाय!" पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठला. त्याने स्वतःची प्लास्टिकची खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि स्टेजकडे पाठ करून बसला. मग दुसरा. मग बायकांनी पोरं कडेवर घेतली आणि त्या सरळ रस्त्यापर्यंत चालत आल्या. खुर्च्यांचा खडखडाट मागच्या रांगांपर्यंत गेला. अप्पा सगळ्यात शेवटी वळले, इकडे-तिकडे बघत, कुणी आपल्याला बघत नाही ना याची खात्री करून. तासभर कष्टाने लावलेल्या दिव्यांच्या झगमगाटात म्हस्कू एकटा उभा होता, आणि मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही.

गर्दीतून वाट काढत रावजीआबा आले. ते माझ्याकडे बघत नव्हते. अॅम्पजवळ वाकले आणि बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा त्यांनी त्याच्यावर तळवा ठेवला. किती तरी वेळ तसाच ठेवला. त्यांची मिशी हलत होती. ते ओवीचे शब्द म्हणत होते की आणखी काही, मला कळलं नाही.

मग त्यांनी टोपी नीट केली, माझ्यासमोर आले आणि बाजारात सौदा पक्का करताना पुढे करतात तसा उजवा हात पुढे केला.

"तुझा झाला," ते म्हणाले. "हात दे."

"हात रिकामा नाही, आबा," मी म्हणाले. "गाणं संपू द्या."

आणि बैलांच्या बाजारात कधी कुणासाठी न थांबलेले रावजीआबा हात तसाच पुढे धरून उभे राहिले, गाणं संपेपर्यंत.